निर्दोष पलंग

भोसरीत त्या काळी ढेकूण नव्हते. म्हणजे घरोघरी होते, पण कुणाच्याच घरी नव्हते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बाजा अंगणात निघत, दगडावर आपटल्या जात, त्यांच्या सांध्यांत कढत पाणी ओतलं जाई. आणि रस्त्यानं जाणाऱ्यानं काय चाललंय म्हणून विचारलं तर 'बाज आवळतोय' असं उत्तर मिळे. विचारणाराही घरची बाज आवळूनच बाहेर पडलेला असे. तो मान हलवून पुढं जाई. सुंभ इतक्या वेळा सैल पडणारं गाव अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरं नसेल, पण त्यावर कुणी शंका घेतली नाही.

उपायांची कमतरता नव्हती. रॉकेल होतं, करंजाचं तेल होतं, तंबाखूचं पाणी होतं. पिंपरीला सरकारचा औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि त्यात या बाबतीतही काहीतरी निघणार, अशी पारावर खात्रीची बातमी होती. एका वर्षी हिवतापवाले पाठीला पंप लावून भिंती फवारत आले. ज्यांनी फवारून घेतलं त्यांच्याकडचे डास मेले. ढेकूण मात्र चिडून दिवसाढवळ्या भिंतींवर हिंडू लागले, असं बायका विहिरीवर सांगत. शेजारणीच्या भिंतींबद्दल सांगत, अर्थात.

दौलतरावांनी फवारेवाल्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. आमच्यात डास नाहीत, म्हणाले. ढेकणांबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं, त्यामुळं खोटं बोलण्याची वेळ आली नाही. दौलतराव गावातलं वजनदार माणूस. घर दुघई, म्हणजे दोन दालनांचं, सागवानी खांबांचं. भिंती मातीच्या, चांगल्या हातभर जाडीच्या. अशा भिंतीत किती पिढ्या सुखानं नांदू शकतात, याचा अंदाज घराच्या मालकाला सहसा नसतो.

त्यांची सून शालन. चाकणच्या अलीकडच्या एका वाडीतली, कोंडीराम नावाच्या बऱ्यापैकी बागाईतदाराची एकुलती एक मुलगी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या दंडांवर गांधी उठल्या. तिनं सासूला, मंजुळाबाईंना, दाखवल्या. मंजुळाबाईंनी त्या नीट न्याहाळल्या आणि इकडचं पाणी नवीन माणसाला बाधतं असं सांगितलं. शालन हुशार होती. पाणी कुठून कुठून अंगावर चढतं हे तिनं चार दिवसांत हेरलं, आणि पुढच्या शनिवारी सासूबरोबर मुकाट्यानं कढत पाण्याची घागर उचलली. तेव्हापासून ती त्या घराची झाली.

तिच्याबरोबर एक पलंग आला होता. कोंडीरामानं लेकीच्या आंदणात दिलेला, चाकणच्या सुतारानं घडवलेला, सागवानी, नवारीनं विणलेला. उशाच्या फळीवर समोरासमोर दोन मोर होते आणि मधे आरसा. लग्नाच्या वेळी तो मांडवात ठेवला होता, तेव्हा लोक नवरानवरीपेक्षा जास्त वेळ त्याच्यापुढं उभे होते. असा पलंग भोसरीत कुणाकडं नव्हता, आणि हीच पुढं अडचण झाली.

तीन वर्षं गेली. शालनला मूल झालं नव्हतं, पण त्याबद्दल अजून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नवरा, सोपान, खडकीच्या कारखान्यात सायकलनं जाई आणि सायकलनं येई. बापाच्या शब्दाबाहेर तो नव्हता, आईच्या नव्हता, बायकोच्याही नव्हता. पण सगळ्यात जास्त तो कारखान्याच्या भोंग्याच्या शब्दात होता. त्यामुळं घरात काही घडलं की तो नेमका शिफ्टला असे.

मग दौलतरावांच्या धाकट्या मुलीला, छबूला, बघायला वाकडची माणसं आली. पोहे झाले, मुलगी पसंत पडल्यासारखी वाटली, बोलता बोलता अंधार पडला आणि शेवटची एस्टी निघून गेली. पाहुण्यांना ठेवून घेणं आलं. त्यांच्यातल्या थोरल्या माणसाला निजवायचं कशावर, हा प्रश्न पडला, आणि घरातली सगळ्यात मानाची वस्तू म्हणून सुनेचा पलंग माजघरातून सोप्यात आणून भिंतीला लावला. बाकीचे खाली गाद्यांवर निजले. सकाळी पाहुणे चहाला थांबले नाहीत. खाली निजलेले सभ्य होते, ते चुपचाप अंग खाजवत चालले. थोरला माणूस मात्र एस्टीची वाट बघताना दोघा-तिघांदेखत म्हणाला, "घर चांगलंय, पोरगीबी चांगलीय. पण माणसानं पाठ टेकायची कुठं?"

हे वाक्य एस्टीच्या आधी गावभर पोहोचलं. वाकडचा नकार त्यानंतर आला.

आता कुणाला तरी दोष द्यायला हवा होता. भिंतींना देता येत नव्हता, त्या पणजोबांनी बांधलेल्या होत्या. मंजुळाबाईंना देता येत नव्हता, कारण त्या घरात तीस वर्षं होत्या आणि त्यांना दोष दिला तर तीस वर्षांचा हिशेब निघाला असता. पाहुणा ज्याच्यावर निजला होता तो पलंग तेवढा उरला. दौलतराव ओट्यावर बसून चार माणसांत बोलले, "आमच्या घरात पणज्यापासनं ढेकूण म्हणून न्हाई. ही बला त्या पलंगाबरूबर आली." चौघांनी माना हलवल्या. पलंग तीन वर्षांपूर्वी आलेला. ढेकणांनी तीन वर्षं वाट का पाहिली, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला आपल्या घरच्या भिंतींबद्दल विचारलं गेलं असतं.

पलंग घरातून जायला हवा, हे ठरलं. विकला तर ढेकणांचा पलंग विकला म्हणतील. जाळला तर सागवान जाळल्याचं दुःख. तेव्हा जिथून आला तिथं पाठवावा, हे उत्तम. आणि इथं दौलतरावांच्या काटकसरी स्वभावानं घात केला. बटाट्याचं बेणं आणायला त्यांची गाडी चाकणला जाणारच होती. जाताना रिकामी कशाला न्यायची, म्हणून तिच्यावर पलंग घालायचा ठरवलं. शालनही कधीपासून चार दिवस माहेरी जाईन म्हणत होती. तीही त्याच गाडीत बसेल, एस्टीचं भाडं वाचेल. एका खेपेत तीन कामं होत होती. मंजुळाबाई चुलीपाशी हळूच म्हणाल्या की दोन्ही एका गाडीत नकोत, बरं दिसत नाही. दौलतरावांनी विचारलं, पलंगाला काय स्वतंत्र एस्टीत बसवू? मंजुळाबाईंनी चुलीत लाकूड पुढं सारलं. सोपान शिफ्टला निघायच्या आधी घरी होता. पलंग गाडीवर त्यानंच बांधला, चांगला घट्ट, आणि मग सायकलला टांग मारून गेला.

आंदण परत जातं तेव्हा मुलगी परत जाते, किंवा मुलगी परत जाते तेव्हा आंदण. हे त्या भागातलं पोरसुद्धा जाणतं. दौलतराव जाणत नव्हते असं नाही. पण बेण्याच्या नादात त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा गाडी मोशीच्या पुढं गेली होती.

नाशिकच्या रस्त्यानं ती गाडी उन्हातून निघाली. पलंग पाय वर करून उलटा, आणि त्या चार पायांच्या मधे, उशाकडच्या एका पायाला टेकून, पदर पुढं ओढून शालन. मोशीत बाजार होता. इंद्रायणीच्या पुलावर धुणं पिळणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी गाडीवानाला विचारलं, तो म्हणाला बेणं आणायला चाललोय. कुणाला हसू आलं नाही. चाकणकडून येणाऱ्या एस्टीतल्या माणसांनी खिडकीतून मान वळवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत भोसरी ते खेड अशा सगळ्या रस्त्याला कळलं की दौलतरावांनी सून टाकली.

दौलतरावांनाही ते तेव्हाच कळलं. सून टाकायचं त्यांच्या मनात नव्हतं. घरात कामाला ती चांगली होती, आणि त्यांना ती आवडतही असे. पण आता सांगायचं काय? सून टाकली नाही, भाडं वाचवलं, असं? मोठ्या माणसानं निष्ठुर असलेलं लोकांना चालतं, चिक्कू असलेलं चालत नाही. दौलतराव गप्प बसले. गप्प बसल्यामुळं ते ठाम दिसू लागले.

वाडीत गाडी कोंडीरामाच्या दारात उभी राहिली तेव्हा तो मोटेवरून येऊन हात धूत होता. त्यानं पलंग बघितला, लेक बघितली, आणि हात धूतच राहिला. गाडीवानानं निरोप सांगितला: पलंगात ढेकूण झालेत, ते साफ करून घ्यावेत. शालनबद्दल काही निरोप नव्हता. कोंडीरामाची बायको, यशोदाबाई, पुढं होऊन लेकीला आत घेऊन गेली. पलंग पडवीत ठेवला.

शालननं आईला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ढेकूण त्यांच्या भिंतीतले आहेत, सासूबाईंना ठाऊक आहे, सासऱ्यांनाही असेल. त्यावर भांडायचं नाही. चार दिवस गप्प राहा, बोलावणं येईल. तिनं स्वतःची अशी समजूत घातली होती. पण आठ-पंधरा दिवस झाले आणि बोलावणं आलं नाही. विहिरीवर बायका तिला पाणी आधी भरू देऊ लागल्या; ही वागणूक आजारी माणसाला आणि टाकलेल्या बाईला मिळते. एक म्हातारी तिला म्हणाली की तिच्या नणंदेची जाऊ अशीच बारा वर्षं माहेरी होती, पण कोंबड्या फार चांगल्या पाळायची.

कोंडीराम दुसऱ्या वाटेनं गेला. त्याला झोप लागेना. त्यानं सुताराला बोलावून आणलं, पलंगाची नवार उसवली, सांधे उकलले, प्रत्येक भोकात तार घातली, कढत पाणी ओतलं, दोन दिवस उन्हात उभा केला. दोन-चार निघाले. ते त्यानं कुणाला दाखवले नाहीत. नवार धुऊन पुन्हा विणली आणि मग गावात सांगायला सुरुवात केली की आमच्या पलंगात ढेकूण नाही, नव्हता. त्याच्या घरच्या बाजेत होते, पण ती बाज कुणी आंदणात दिलेली नव्हती, तेव्हा तिचा संबंध नव्हता.

अशात दत्तोबा आले. हे भोसरीचे, दोन्ही घरांचे सोयरे. लग्न यांनीच जमवलेलं. दत्तोबांनी आयुष्यात पुष्कळ लग्नं जमवली होती, आणि जमवलेलं मोडू लागलं की ते हातातलं काम टाकून धावत. नाव खराब होतं. ते पडवीत बसले, पाणी प्यायले, पलंगाकडं बघितलं नाही, आणि सरळ मुद्द्यावर आले. दौलतराव राजी आहेत, म्हणाले. अडलंय ते एवढ्याशा गोष्टीवर. त्यांनी चारचौघांत म्हटलंय की ढेकूण पलंगातले. तो शब्द राहायला हवा. तुम्ही म्हणा की व्हय, सुताराच्या वखारीत लाकूड पडून होतं, तिथं लागले असतील, आम्ही साफ करून घेतले. संपलं. सोमवारी सोपान न्यायला येईल. पलंग इथंच राहू दे.

कोंडीरामानं हे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला.

"एक ढेकूण द्या, कोंडीरामभाऊ," दत्तोबा म्हणाले. "एकच. बाकीचं मी बघतो."

"न्हाईच, तर देऊ कुठनं?"

दत्तोबांनी पडवीतल्या बाजेकडं नजर टाकली, ज्यावर ते स्वतः बसले होते, आणि मांडी बदलली. पण ते सभ्य माणूस होते.

शालन आतून ऐकत होती. दत्तोबा हातपाय धुवायला गेले तेव्हा ती बाहेर आली. बापापुढं उभं राहून बोलायची तिची रीत नव्हती, पण बोलली. "आबा, व्हय म्हणा. एका शब्दानं काय व्हतंय."

कोंडीराम पलंगाच्या पायावरून हात फिरवत होता. त्याचंही खोटं नव्हतं. तो म्हणाला, "आज ढेकणाला व्हय म्हणलो, तर उद्या तिथं जे जे वंगाळ निघंल ते आपल्याकडनं आलं म्हणतील. तुला मूल न्हाई, तेबी आपल्याकडनंच म्हणतील. मग म्या कशाकशाला व्हय म्हणू, पोरी?"

"म्हणू द्यात. म्या तिथं असंन तरी."

 दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीरामानं गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावणं धाडलं. एक गेनबा, वयानं सगळ्यात थोर; दुसरे बबनराव, ज्यांना पंचायतीत गेल्यापासून प्रत्येक गोष्टीत पंच व्हायची सवय लागली होती. दत्तोबांनाही थांबवून घेतलं. कोंडीराम म्हणाला, माझ्या बोलण्यावर विश्वास नको आणि दौलतरावांच्याही नको. पंचांनी या पलंगावर एक रात्र निजावं. सकाळी जे असेल ते सांगावं. ढेकूण निघाला तर मी भोसरीला पायी जाऊन कबूल करीन.

बबनरावांना ही कल्पना फार आवडली. जमिनीची पाहणी असते, पिकाची आणेवारी असते, तशी ही पलंगाची पाहणी. गेनबा म्हणाला की त्याला तशीही झोप लागत नाही, कुठंही निजव. दत्तोबांनी पडवीत खाली निजून देखरेख करायची, असं ठरलं.

शालनला हे ऐकून पहिल्यांदा मोकळं वाटलं. बाप व्हय म्हणणार नाही, पण पलंग म्हणू शकेल. आबांनी भर पंचांत शब्द दिला होता, ढेकूण निघाला तर कबूल करीन. आता ढेकूण निघण्याचाच प्रश्न होता, आणि बापानं तर तार घालून घालून एकही शिल्लक ठेवला नव्हता.

दुपारी माणसं रानात गेल्यावर तिनं चुन्याची रिकामी डबी घेतली. घरच्या बाजेचे पाय उचलून बघितले, देव्हाऱ्यामागचं कोनाड्याचं भगदाड बघितलं, कणगीच्या मागं भिंत फुटली होती तिथं गवताची काडी फिरवली. ज्या कामासाठी तीन वर्षं तिनं घागरीच्या घागरी पाणी तापवलं, ते ती आता उलट्या बाजूनं करत होती. चिरडू नयेत म्हणून जपून धरत होती. यशोदाबाई रानातून लवकर परतल्या आणि दारात उभ्या राहिल्या. काय करतीस, असं त्यांनी विचारलं नाही. थोडा वेळ बघत राहिल्या. मग आत जाऊन नवऱ्याची उशी घेऊन आल्या, तिची शिवण उसवली आणि लेकीपुढं धरली. तिथं बरेच होते.

दोघींनी मिळून डबी पलंगावर रिकामी केली. नवारीच्या घड्यांत, मोरांच्या पिसांमधल्या खाचांत, चारी सांध्यांत. मग वर धुतलेली चादर घातली.

रात्र कशी गेली ते दत्तोबांनी पुढं भोसरीत एकदोघांना सांगितलं, तेवढंच ठाऊक आहे. दोघं पंच त्या नवरानवरीच्या पलंगावर पाठीला पाठ लावून निजले. पहिल्यांदा बबनराव पिकाबद्दल बोलत होते, मग बोलायचे थांबले. त्यानंतर बराच वेळ नवार करकरत राहिली. गेनबानं दोनदा पांडुरंगाचं नाव घेतलं. एकदा बबनराव उठून बसले आणि बसूनच राहिले. खाली दत्तोबांनाही चावत होतं, पण ते पाहणीत धरायचं नव्हतं.

सकाळी पडवीत माणसं जमली. शालन दारामागं उभी होती, यशोदाबाई तिच्या पाठीशी. गेनबाच्या मानेवर गांधींची माळ उठली होती. बबनरावांचा एक डोळा सुजून अर्धा मिटला होता. शालनच्या मनात आलं, झालं, सोमवारी जायचं. कुठलं लुगडं नेसायचं हेसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

कोंडीरामानं विचारलं. त्याच्या आवाजात काळजी नव्हती. पलंग स्वतः साफ केलेला.

गेनबा मान खाजवत कोंडीरामाकडं बघत राहिला. मग जमलेल्या माणसांकडं बघितलं. सगळी वाडीची माणसं. एकटे दत्तोबा भोसरीचे. हा पाहुणा इथून उठेल आणि भोसरीत जाऊन सांगेल की वाडीच्या पलंगात ढेकूण होते. आज कोंडीरामाच्या, उद्या वाडीतल्या कुठल्याही पोरीच्या आंदणावर बोट ठेवतील. गेनबाला तीन नाती होत्या.

"साफ हाय," गेनबा म्हणाला. "येकबी न्हाई."

बबनरावांनी एका डोळ्यानं दत्तोबांकडं बघत सांगितलं की त्यांना इतकी गाढ झोप गेल्या कित्येक वर्षांत लागली नव्हती.

शालन बाहेर आली. पुरुषांच्या घोळक्यातून सरळ पलंगापाशी गेली आणि चादर ओढून काढली. पांढऱ्या चादरीवर तांबडे ठिपके होते, बोटानं टेकवल्यासारखे. तिनं ती सगळ्यांपुढं धरली.

"पान खाल्लं व्हतं रातीचं," बबनराव म्हणाले.

तिनं चादर टाकली, उशाच्या फळीशी वाकली, मोराच्या पिसाऱ्यात नख घातलं आणि एक बाहेर काढला. रात्रभर जेवून टरारलेला, त्याला नीट चालतासुद्धा येत नव्हतं. तो तिनं तळहातावर ठेवला आणि हात बापापुढं केला. पडवीत कुणी हललं नाही. सगळ्यांनी तो पाहिला. गेनबानंही पाहिला, आणि मग आढ्याकडं पाहू लागला.

"आबा," ती म्हणाली, "तुमी शब्द दिलाय."

कोंडीराम त्या हाताकडं बघत होता. ढेकूण आला कुठून हे त्याला कळलं असावं. लेकीच्या तोंडाकडं त्यानं एकदा बघितलं आणि तिच्या मागं दारात उभ्या असलेल्या बायकोकडं एकदा. क्षणभर वाटलं की तो हो म्हणेल. पण पंचांनी निकाल दिला होता. वाडीतली दोन थोर माणसं त्याच्यासाठी रात्रभर रक्त देऊन, सकाळी खोटं बोलली होती. आता तो हो म्हणाला तर त्यांचं काय राहत होतं?

त्यानं अंगठा तिच्या तळहातावर टेकवला आणि दाबला.

"मुंगळा हाय," तो म्हणाला.

मग तो वास सुटला. जन्मात एकदा घेतला की माणूस विसरत नाही असा तो वास. पडवीतल्या प्रत्येकानं तो पाळण्यात असल्यापासून घेतलेला. तो सगळीकडं पसरला आणि सगळे त्यात उभे राहिले. दत्तोबांनी नाकाला उपरणं लावायला हात वर नेला आणि अर्ध्यातून घाम पुसला. कुणीतरी खाकरलं. बबनराव म्हणाले, यंदा पाऊस लवकर दिसतोय.

दत्तोबा दुपारच्या एस्टीनं गेले. जाताना शालनला काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण ती आत होती. भोसरीत त्यांनी दौलतरावांना पंचांचा निकाल जसाच्या तसा सांगितला. ते निरोप्या होते. दिलेला माल त्यांनी पोचवला.

दौलतरावांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी ढेकूण आमच्या घरातलं," ते म्हणाले.

तसं कुणी म्हणालं नाही, असं दत्तोबांनी सांगितलं. पलंग साफ आहे, एवढंच म्हणाले.

"तेच की." दौलतराव ओट्यावरून रस्त्याकडं बघत हिशेब करू लागले. पलंगात ढेकूण निघाले असते तर सून आणता येत होती, पलंग सोडून. पलंग निर्दोष निघाल्यावर सून कुठल्या तोंडानं आणायची? ज्या दिवशी ती उंबरा ओलांडेल त्या दिवशी गाव विचारणार, मग चावत होतं ते काय? येवढी साफसूफ वस्तू आमच्या गरिबाच्या घरात नको, असं ते शेवटी म्हणाले. हे वाक्य गावाला आवडलं. दोन-तीन दिवस चाललं.

पुढं छबूचं लग्न जमलं. पाहुण्यांना सांगण्यात आलं की घरात एक दोष शिरला होता, तो काढून टाकलाय. या वेळी पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं नाही. सोपान सायकलनं जात-येत राहिला. एकदा तो सुट्टीच्या दिवशी चाकणपर्यंत आला होता म्हणतात, बाजारात कांद्यांचा भाव विचारून परत गेला. दुसरी बायको करायला आता कायदा आड येतो, असं शिकलेली माणसं दौलतरावांना सांगत. आणि मोडून घ्यायचं तर कोर्टात कारण द्यावं लागतं, असंही सांगत. कारण काय द्यायचं, यावर ते घर अडून बसलं. मंजुळाबाई शनिवारी एकट्याच घागर उचलत. दोघींची सवय झालेल्या बाईला ती जड जाई.

वाडीत पलंग पडवीतच राहिला. त्यावर कुणी बसत नसे. पाहुणे आले तरी खाली घोंगडीवर बसत. पलंग साफ असल्याचं सगळ्यांनाच तोंडपाठ होतं, पण कुणी पाठ टेकली नाही. गेनबा नंतर त्या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूनं जाई. शेवटी शालनच त्यावर निजू लागली. कुणी सांगितलं नाही, कुणी अडवलंही नाही. हळूहळू तिच्या दंडांवर, मानेवर गांधी दिसू लागल्या. ती त्या झाकत नसे. विहिरीवर बायकांना दिसत, आणि बायका पाण्याकडं बघत.

कोंडीराम पडवीत जेवायचा बंद झाला. तो आत, चुलीपाशी, पाठ करून जेवे.

एका दुपारी यशोदाबाईंनी मोठा हंडा भरून पाणी तापवलं. कढ आल्यावर तो फडक्यांनी धरून पडवीत आणला आणि पलंगाशी ठेवला. नवार सोडायला घेतली. शालन उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. ती उठली नाही.

"राहू दे, आई," ती म्हणाली.

"किती दिस चावून घेशील?"

"पंचांनी न्हाईत म्हणून सांगितलंय. मग मारतीस कुणाला?"

यशोदाबाई नवारीचं टोक हातात धरून उभ्या राहिल्या. आत कोंडीराम होता. त्यानं ऐकलं असेल. शेंगा फुटायचा आवाज तेवढा येत राहिला. बऱ्याच वेळानं हंड्यातली वाफ थांबली, तेव्हा त्यांनी ते पाणी मोरीवर नेलं आणि त्यात सकाळची भांडी घासून टाकली.